कार्डाला घाम येत नाही

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव आपल्याला ठाऊक असते ते आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म येथे झाला. माझी थोरली बहीण याच गावात दिलेली आहे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस तिच्याकडे जाऊन राहणे हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. आंबे, फणस आणि दुपारची झोप एवढाच बेत मनाशी धरून मी यंदाही गेलो होतो. प्रत्यक्षात दोन दिवस गेले ते एका लोखंडी खोक्यापुढे तापमापक घेऊन बसण्यात. त्याचीच ही हकिगत.

माझा भाचा यंदा दहावीत जाणार. मागच्या दिवाळीत भात विकल्यावर भावोजींनी त्याला एक संगणक घेऊन दिला होता. संगणक नवा नव्हता, कोणीतरी सहा-सात वर्षे वापरलेला होता. पण त्यात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड होते आणि त्यामुळे मोठमोठे खेळ त्यावर चालत. डिसेंबर-जानेवारीत सारे ठीक चालले. मार्च उजाडला तसा खेळ अडखळू लागला. मे महिन्यात तर पंधरा-वीस मिनिटे खेळले की पंखे विमानासारखे घोंघावत आणि पडदा एकाएकी काळा होई.

ज्या दुकानातून संगणक घेतला होता तेथे फोनवरून विचारणा झाली. दुकानदाराने खोके न पाहताच निदान केले. "चिप गेली. नवे कार्ड टाका, अठरा हजार लागतील." शेजारच्या एकाने सांगितले की वीज कमी-जास्त दाबाने येते, म्हणून असे होते, स्टॅबिलायझर घ्या. आणखी एकाचे मत पडले, "कोकणची हवाच दमट. इथे अशी यंत्रे टिकायची नाहीत." भावोजी हिशेबी माणूस. ते म्हणाले, "अठरा हजारांत माझी लावणी निघते. सोमवारी पेणला जातोय, तिथे येईल त्या किमतीला विकून टाकतो." भाचा काही बोलला नाही, पण त्याचे तोंड उतरले होते. मी पोचलो तो शुक्रवारी संध्याकाळी.

विद्यार्थिमित्रांनो, येथे क्षणभर थांबून तुम्हीच विचार करा. तीन माणसांनी तीन कारणे सांगितली. यांपैकी एकाने तरी काही मोजले होते का?

प्रथम हे कार्ड इतके तापते तरी का, ते पाहू. पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र लाखो रंगबिंदूंचे असते आणि खेळात अशी चित्रे सेकंदाला साठ, शंभर या वेगाने नव्याने रंगवावी लागतात. हे काम करणारी चिप म्हणजे सिलिकॉनची एक चकती. २०१६ साली बाजारात आलेल्या जीफोर्स जीटीएक्स १०६० या मधल्या दर्जाच्या कार्डाचे उदाहरण घेऊ. त्याच्या चिपचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे. तेवढ्यात सुमारे ४४० कोटी ट्रान्झिस्टर बसवलेले आहेत. कार्डाची वीज जास्तीत जास्त १२० वॅट. यातील काही वीज कार्डावरील इतर भाग घेतात. चिपच्या वाट्याला ८० वॅट आले असे धरले, तरी दर चौरस सेंटिमीटरला ४० वॅट होतात. आता तुमच्या घरची इस्त्री घ्या. १००० वॅटच्या इस्त्रीच्या तळाचे क्षेत्रफळ दीडशे चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला सातच वॅट येतात! कपडे जाळू शकणाऱ्या इस्त्रीपेक्षा पाच-सहापट दाट उष्णता या नखाएवढ्या चकतीतून बाहेर पडत असते. आणि मौज अशी की घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. पडद्यावरचा राक्षस मरो वा जगो, खोलीच्या दृष्टीने कार्ड म्हणजे १२० वॅटची शेगडीच.

ही उष्णता चिपमधून काढून खोलीच्या हवेत नेऊन टाकायची, एवढेच शीतकाचे काम. त्यासाठी तिला एक वाट करून दिलेली असते. चिपवर लेपाचा पातळ थर, त्यावर तांब्याचा ठोकळा, ठोकळ्यात बसवलेल्या तांब्याच्या उष्णतानलिका, नलिकांवर ओवलेली ॲल्युमिनियमची पातळ पाती, पात्यांवर वारा घालणारे पंखे, मग खोक्यातली हवा, आणि शेवटी खोलीतली हवा. उष्णतानलिकेत थोडेसे पाणी निर्वात अवस्थेत कोंडलेले असते. निर्वातामुळे ते कमी तापमानालाच उकळते, वाफ थंड टोकाकडे धावते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते आणि ते आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. भर नाही, फिरता भाग नाही, वर्षानुवर्षे हे चक्र चालू राहते. मला स्वतःला साऱ्या कार्डात हा भाग सर्वांत देखणा वाटतो.

शाळेत तुम्ही ओहमचा नियम शिकलात. विद्युत्‌धारा वाहते तेव्हा रोधामुळे विभवांतर पडते. एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते. उष्णतेचेही नेमके तसेच आहे. धारेच्या जागी वॅट घ्या, विभवांतराच्या जागी तापमानातला फरक घ्या, आणि फरकाला वॅटने भागा. जे येईल तो उष्णतेच्या वाटेचा रोध. लेप, ठोकळा, पाती, हवा हे सगळे एकसर जोडलेले रोध आहेत. कार्ड जास्त तापते याचा अर्थ यांपैकी कोठला तरी एक रोध वाढला आहे. कोठला, ते शोधायचे.

यातून आणखी एक गोष्ट निघते. कार्डाचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक ही वाढ. जानेवारीत सकाळी खोली २२ अंश सेल्सिअस असेल आणि वाढ ६० असेल, तर कार्ड ८२ वर राहील. तीच वाढ मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत ९५ वर नेईल. जीटीएक्स १०६० ची कमाल मर्यादा ९४ अंश दिलेली आहे. म्हणजे भाच्याचे कार्ड मार्चमध्ये बिघडले नव्हते. दुखणे दिवाळीपासूनच असले पाहिजे. थंडीने ते झाकून ठेवले होते इतकेच.

आणि कोकणच्या दमट हवेचे काय? हा समज इतका पसरलेला आहे की त्यावर दोन शब्द लिहायलाच हवेत. दमट हवेत आपल्याला उकडते, कारण आपले शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते आणि हवेत आधीच भरपूर बाष्प असले की घाम वाळत नाही. पण कार्डाला घाम येत नाही! ते केवळ वाऱ्याला उष्णता देऊन थंड होते. त्याच्या दृष्टीने ३५ अंशांची नागपूरची कोरडी हवा आणि ३५ अंशांची पेणची दमट हवा यांत जवळजवळ काहीच फरक नाही. दमटपणा त्रास देतो तो दुसऱ्या मार्गाने. धातूला गंज चढतो आणि धूळ ओलसर होऊन चिकटून बसते.

दमटपणाचा आणखी एक धोका मला शनिवारी सकाळीच दिसला. भाच्याने कोणाचे तरी ऐकून बर्फाने भरलेली बाटली खोक्यातच पंख्यासमोर ठेवली होती. मी ती ताबडतोब बाहेर काढायला लावली. मे महिन्यात आपल्याकडे २६-२७ अंशांच्या खाली गेलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. बाटलीच्या अंगाला पाण्याचे थेंब सुटले होतेच. ते मंडलावर ओघळले असते तर दुकानदाराचे भाकीत खरे व्हायला वेळ लागला नसता.

मग आम्ही मोजायला बसलो. खोलीसाठी साधा पाऱ्याचा तापमापक टांगला. चिपचे तापमान, वॅट आणि पंख्याची गती दाखवणारे फुकट प्रोग्रॅम मिळतात. त्यांपैकी एक चालू केला. पहिल्या प्रयोगातच एक अडचण आली. तापमान ८३ च्या पुढे गेले की कार्ड आपली गती आपणच कमी करी, वॅट घटत, पंखे मात्र जास्त जोराने फिरत. म्हणजे मोजायच्या तीनही गोष्टी एकाच वेळी बदलत होत्या. खेळ अडखळण्याचे कारण हेच. कार्ड मोडले नव्हते, ते जीव वाचवीत होते. पण अशा आकड्यांची तुलना करता येत नाही. तेव्हा आम्ही प्रोग्रॅममधून वीज ६० टक्क्यांवर, म्हणजे ७२ वॅटवर बांधून टाकली, पंखे ७० टक्के गतीवर स्थिर केले, आणि ठरवले की प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वीस मिनिटांनी आकडा लिहायचा. भाच्याने वहीत रकाने आखले.

पहिला आकडा, सगळे जसेच्या तसे ठेवून: खोली ३५, कार्ड ८३. वाढ ४८ अंश. ४८ ला ७२ ने भागले की रोध येतो दर वॅटला ०.६७ अंश. याच रोधाने पूर्ण १२० वॅट दिले असते तर वाढ ८० झाली असती आणि कार्ड ११५ वर गेले असते. काळ्या पडद्याचा उलगडा येथेच झाला.

आता खोके कोठे होते ते सांगतो. धूळ लागू नये म्हणून ताईने ते मोठ्या प्रेमाने भिंतीतल्या फडताळात ठेवले होते आणि वर पडदाही सोडला होता. एक हिशेब करून पाहा. १२० वॅट उष्णता हवेने वाहून न्यायची आणि हवा फक्त दहा अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला सुमारे दहा लिटर हवा लागते. संगणकाचे बाकीचे भाग धरले तर जवळजवळ वीस लिटर, म्हणजे दर सेकंदाला एक बादलीभर ताजी हवा! फडताळात ती येणार कोठून? कार्ड आपलाच उच्छ्वास पुन्हापुन्हा घेत होते. खोके बाहेर काढून त्याची बाजूची पत्र्याची झडप उघडली. कार्ड ७५ वर आले.

आठ अंश उतरले, पण वाढ अजून ४० होती.

मग आम्ही संगणक बंद केला, वायर भिंतीतून काढली, पाच मिनिटे जाऊ दिली आणि कार्ड बाहेर काढले. (वीज घेणारी जी वेगळी पेटी संगणकात असते ती कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यातल्या संधारित्रांत घातक भार शिल्लक राहतो. आणि हे सारे घरातल्या मोठ्या माणसाच्या देखत करा.) पात्यांच्या मधल्या फटींत करड्या रंगाचा नमदाच बसला होता. कपड्यांचे तंतू, केस, चुलीची काजळी, भाताचे बारीक तूस. मागच्या अंगणात मळणी होते आणि खिडकी त्याच बाजूला आहे, हे लक्षात घ्या. असली धूळ दुहेरी नुकसान करते. ती वाऱ्याची वाट अडवते आणि उरलेल्या पात्यांवर गोधडी पांघरते. तांबे उष्णता जितकी वाहते त्याच्या सुमारे पंधरा हजारांश हवा वाहते, आणि कापसासारखी पोकळ धूळ ही बहुतांशी कोंडलेली हवाच असते.

रंगाऱ्याचा कोरडा मऊ ब्रश आणि सायकलचा हातपंप एवढ्यावर काम झाले. पंख्याचे पाते मात्र बोटाने धरून ठेवायचे. फुंकरीने पंखा भरधाव फिरला तर त्याचा धारवा खराब होतो, शिवाय फिरणारी मोटर उलट जनित्रासारखी वीज तयार करते. आमचे दोन्ही पंखे निर्दोष निघाले. माझा पहिला संशय त्यांच्यावरच होता, तो खोटा ठरला.

कार्ड परत बसवले, झडप उघडीच ठेवली. ६६! वाढ ३१. झडप लावली तर ६८. म्हणजे खोके मोकळ्या जागी असेल तर झडपेचा दोष दोनच अंशांचा. भाचा म्हणाला, "मामा, झालं की!" मी म्हटले, ३३ ला ७२ ने भाग. भागाकार आला ०.४६. पूर्ण विजेवर वाढ ५५, कार्ड ९०. अजून काम शिल्लक होते.

उरला होता लेप. चिपचा आणि तांब्याचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो डोंगर-दऱ्यांचाच असतो. दोन्ही एकमेकांवर ठेवले की शिखरेच तेवढी टेकतात आणि दऱ्यांत हवा राहते. ती हवा घालवण्यासाठी लेप. लेप तांब्याहून कितीतरी वाईट वाहक आहे, म्हणून तो दऱ्या बुजतील इतकाच हवा. जास्त थापला म्हणजे जास्त चांगला, ही समजूत चुकीची आहे. रविवारी सकाळी पेणहून लेपाची छोटी सिरिंज आणली. कार्डाचे चार स्क्रू थोडेथोडे, समोरासमोरचे, असे सैल केले आणि शीतक अलगद उचलला. जुना लेप पिकानंतरच्या खाचरासारखा वाळून भेगाळला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ कापडाने दोन्ही अंगे पुसून काढली. चिपच्या मधोमध वाटाण्याएवढा नवा लेप ठेवला आणि स्क्रू पुन्हा समोरासमोरचे आवळत गेलो. स्मृतीच्या चिपांवर रबरासारख्या पट्ट्या असतात, त्या फाटू नयेत एवढी काळजी घ्यावी लागते.

वीस मिनिटांनी आकडा आला ६१. खोली तीच, ३५. वाढ २६, रोध ०.३६. जवळजवळ निम्मा रोध नाहीसा झाला होता.

पूर्ण १२० वॅट देण्याआधी मी भाच्याला भाकीत लिहायला सांगितले. त्याने गुणाकार केला, वाढ ४३, कार्ड ७८. मग बंधन काढून टाकले आणि पंखे ७० टक्क्यांवरच ठेवले. आकडा ७९ वर थांबला. खेळात वॅट अगदी स्थिर राहत नाहीत, तेव्हा एका अंशाचा फरक क्षम्यच. त्या एका तासात त्याला ओहमच्या नियमाचा जो आनंद झाला तो पाठ्यपुस्तकातल्या दहा उदाहरणांनी झाला नसता, असे माझ्यातल्या शिक्षकाला वाटले.

स्टॅबिलायझरची गरज पडली नाही. संगणकाच्या विजेच्या पेटीत दाब कमी-जास्त झाला तरी कार्डाला १२ व्होल्टच मिळतील अशी योजना असते. दाब फार घसरला तर पेटी स्वतः अधिक धारा ओढून तापते किंवा बंद पडते, पण कार्ड त्यामुळे तापत नाही.

वाटेचा रोध कमी करणे हा एक उपाय झाला. दुसरा उपाय मुळात वॅटच कमी करण्याचा. भाच्याचा पडदा सेकंदाला साठच चित्रे दाखवू शकतो, आणि कार्ड शंभर-एकशेदहा रंगवीत होते. उरलेली चित्रे कोणालाच दिसत नव्हती, त्यांची उष्णता मात्र खोलीत येत होती. खेळात साठाची मर्यादा घातल्यावर वॅट बरेच खाली आले. चिपचा विद्युत्‌दाबही थोडा उतरवता येतो. चिपमध्ये खर्च होणारी वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून दाब दहा टक्के उतरवला की वीज १९ टक्के कमी होते. भाच्याला हा हिशेब पटला, पण मर्यादा घातलेला खेळ "तेवढा भारी वाटत नाही" असे त्याचे म्हणणे. त्यावर मी वाद घातला नाही.

ही डोकेदुखी काही खेळणाऱ्या मुलांपुरती नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या, आणि प्रत्येक नळी म्हणजे एक लहानसा तापलेला दिवाच. आज पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्म या महासंगणकात हवेवर भिस्त न ठेवता चिपांना टेकलेल्या पट्टांमधून द्रव खेळवून उष्णता काढून नेतात. यंत्रे बदलली, पण वाट तीच. तप्त बिंदूपासून बाहेरच्या हवेपर्यंत, एकामागून एक रोध.

सोमवारी भावोजी पेणला गेले ते बियाणे आणायला. खोके आता फडताळाऐवजी खिडकीपासून दूर एका स्टुलावर, भिंतीपासून वीतभर अंतर राखून उभे आहे. खर्च झाला तो लेपाच्या सिरिंजचा आणि अल्कोहोलच्या बाटलीचा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. त्या रात्री भाच्याचा निरोप आला, एकाच ओळीचा: "मामा, पूर्ण वीज, पंखे सत्तर, खोली २८, कार्ड ७२." मी मे महिन्यातली वही काढून वजाबाकी केली. ७९ वजा ३५, आणि ७२ वजा २८. दोन्हीकडे ४४.